स्पॅनिश, साखर आणि कान : पाचपाखाडीतलं एक प्रकरण

साठी-पासष्टीनंतर कुणी नवी भाषा शिकायला घेतली आणि तीन-चार महिन्यांत गाडी अडली, की घरातलं निदान ठरलेलं असतं : ‘आता वय झालं, लक्षात राहत नाही.’ शिकणारी व्यक्तीही ते मान्य करते आणि वही मिटते. प्रत्यक्षात लक्षात राहणं ही साखळीतली शेवटची कडी आहे. त्याआधी शब्द नीट कानावर पडावा लागतो, मेंदूला त्या वेळी पुरेशी साखर मिळावी लागते आणि उजळणी झेपेल एवढीच असावी लागते. या तिन्हींपैकी काहीही बिघडलं तरी बाहेरून ते विसरण्यासारखंच दिसतं.

पुढे दिलेलं प्रकरण प्रातिनिधिक आहे. वेगवेगळ्या घरांत सुटंसुटं दिसणारं चित्र एका व्यक्तीभोवती एकत्र आणलं आहे. औषधांचे डोस परिस्थिती नेमकी कळावी म्हणून दिले आहेत. ते पाहून कुणी आपल्या गोळ्या बदलू नयेत.

परिस्थिती

काकूंचं वय ६७. लेखा विभागातून निवृत्त, राहणं ठाण्यात पाचपाखाडीला. टाइप २ मधुमेह अकरा वर्षांपासून, रक्तदाब सात वर्षांपासून. गोळ्या अशा : मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम दोन वेळा, सकाळच्या नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम, टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम. शिवाय ‘पित्तासाठी’ रोज सकाळी उपाशीपोटी पँटोप्रॅझोल. ही गोळी कधीतरी आठवड्यासाठी दिली होती, ती बंद करायची राहूनच गेली. आहार पूर्ण शाकाहारी. संध्याकाळी कचराळी तलावाभोवती पाऊण तास फिरणं. छंद दोन : क्रोशाचं विणकाम आणि वाचन. मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या त्या जुन्या सभासद. १८९३ साली स्थापन झालेल्या या संस्थेत दर आठवड्याला पुस्तक बदलायला जाण्याचा त्यांचा नेम आहे.

मुलगा मेक्सिकोत ग्वादालाहारा शहरात नोकरीला आहे, सूनबाई तिथल्याच. विहीणबाईंना स्पॅनिशखेरीज दुसरी भाषा येत नाही, पण त्याही क्रोशाचं विणतात. काकूंनी उद्दिष्ट ठरवलं ते असं : आठ महिन्यांनी तिकडे जायचं आहे, त्याआधी विहीणबाईंशी पंधरा मिनिटं बोलता आलं पाहिजे आणि मध्ये मुलगा दुभाषा म्हणून नको. शिकण्याचं उद्दिष्ट म्हणून हे फार चांगलं आहे. माणूस ठरलेलं, विषय ठरलेला, मुदत ठरलेली. ‘मेंदू तल्लख राहावा म्हणून’ भाषा शिकायला घेणाऱ्यांना असा आधार नसतो. भाषा शिकल्याने स्मृतिभ्रंश टळतो असं ठामपणे म्हणावं इतका पुरावाही आज नाही. ज्याच्याशी बोलायचं आहे असं कुणीतरी असावं, हेच शिकण्याला पुरेसं कारण आहे.

क्लास ऑनलाइन होता. मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी साडेसहा ते आठ, मोबाइल फोनवर. रात्री साडेदहाला झोपण्याआधी ॲपवर रोज चाळीस नवे शब्द. तीन महिन्यांनी घेतलेल्या छोट्या चाचणीत वाचनात २० पैकी १७, लेखनात १४ आणि ऐकून उत्तर देण्यात ६ गुण पडले. बोलण्याच्या तासाबद्दल शिकवणाऱ्या बाईंची नोंद होती : पहिली वीस-पंचवीस मिनिटं छान, नंतर शब्द सापडत नाहीत, चिडचिड होते, कधी कधी काकू मध्येच कॅमेरा बंद करतात.

या आकड्यांकडे नीट पाहिलं तर ‘विसरणं’ हे उत्तर बसत नाही. स्मरणशक्ती कमी पडत असती तर लेखनातही गुण गेले असते, कारण लिहिताना शब्द डोक्यातूनच काढावा लागतो. इथे ऐकण्यात एक खड्डा होता आणि दिवसाच्या ठरावीक वेळी दुसरा. दोन्हींची कारणं वेगळी निघाली.

पहिला खड्डा : संध्याकाळचे सात

सर्वांत उपयोगी पडली ती दोन आठवड्यांची साधी वही. पाच रकाने : वेळ, शेवटचं खाणं कधी व काय, रात्रीची झोप, अभ्यासात काय केलं, कुठे अडलं. यात ‘कुठे अडलं’ हे नेमकं लिहायला हवं. ‘डोकं चाललं नाही’ ही नोंद निरुपयोगी आहे. ‘७.०५ ला आठवड्याचे वार सांगताना गुरुवारनंतर थांबले, हात थरथरला’ ही नोंद कामाची आहे.

वहीतून दिसलं ते असं. जेवण साडेबाराला, चार वाजता बिनसाखरेचा चहा आणि त्यासोबत काहीच नाही, कारण ‘मधल्या वेळचं खाणं बंद केलंय’. साडेपाच ते सव्वासहा चालणं, घरी येऊन थेट क्लास. म्हणजे सात वाजता पोटात अन्न जाऊन साडेसहा तास झालेले आणि मधे पाऊण तासाचा व्यायाम. त्यात ग्लिमेपिराइड. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि तिचा परिणाम दिवसभर टिकतो. पोटात अन्न आहे की नाही, याचा हिशेब ती करत नाही. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्या माणसाची साखर सहसा अशी खाली जात नाही, म्हणून आपल्या पाकिटात नेमकी कुठली गोळी आहे हे प्रत्येकाला माहीत असायलाच हवं.

तीन क्लासच्या दिवशी सात वाजता ग्लुकोमीटरने मोजलं : ६६, ७४, ६२. डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की साखर कमी झाली असं मानतात. घाम, थरथर, चिडचिड, शब्द न सुचणं ही सगळी त्याचीच लक्षणं. घरच्यांना मात्र ती वयाची आणि ‘उगाच डोक्याला ताप करून घेतल्याची’ वाटत होती. मोजताना एक काळजी घ्यायची : साबणाने हात धुऊन पूर्ण कोरडे करायचे. बोटाला आंब्याचा किंवा केळ्याचा रस लागलेला असला तर आकडा खोटाच जास्त येतो आणि खरी घसरण झाकली जाते. सुई बोटाच्या टोकाला मधोमध टोचण्याऐवजी कडेला टोचली तर दुखतंही कमी आणि विणताना सुई धरायला त्रास होत नाही.

अशा वेळी करायचं ते लगेच आणि मोजून : १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तीन सपाट चहाचे चमचे, अर्ध्या पेल्या पाण्यात. ग्लुकोज नसेल तर तेवढीच साखर. पंधरा मिनिटं बसायचं, पुन्हा मोजायचं, अजून ७० च्या आत असेल तर पुन्हा तेवढंच. मग पोळी-भाजी किंवा दही-भात, जे जेवण असेल ते. इथे बहुतेकांचं चुकतं ते बिस्किट, चॉकलेट किंवा पेढा खाण्यात. त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. तोवर माणूस घाबरून आणखी दोन पेढे खातो आणि रात्री आकडा २५० वर जातो. काकूंच्या घरात नेमकं हेच दोनदा घडलं होतं. माणूस गुंगीत असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

वही घेऊन काकू डॉक्टरांकडे गेल्या. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारं एचबीए१सी ६.४ टक्के होतं. घरात या आकड्याचं कौतुक होतं. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड २ वरून १ मिलिग्रॅमवर आणलं आणि चार वाजता मूठभर भाजलेले चणे किंवा एक लहान पेरू सांगितला. पुढच्या तपासणीत एचबीए१सी ७.१ आलं आणि डॉक्टर समाधानी होते. हे अनेकांना उलटं वाटतं. प्रकृती एरवी चांगली असलेल्या ज्येष्ठांसाठी साधारण ७ ते ७.५ च्या आतला आकडा पुरेसा धरतात. सोबत इतर आजार बरेच असतील तर ८ पर्यंतही सूट देतात. कारण या वयात साखर फार खाली गेल्याने पडणं, हाड मोडणं, भान हरपणं याचा धोका आकडा थोडा वर राहण्यापेक्षा जवळचा आणि मोठा असतो.

त्याच भेटीत तळपायांना येणाऱ्या मुंग्यांचा विषय निघाला. जीवनसत्त्व बी१२ तपासलं, ते मिलिलिटरला १४८ पिकोग्रॅम आलं. २०० च्या खाली म्हणजे कमतरता. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, शाकाहार आणि रोजचं पँटोप्रॅझोल ही तिन्ही बी१२ कमी करणारी कारणं आहेत आणि आपल्याकडे ती एकाच माणसात सहज एकत्र सापडतात. या कमतरतेने मुंग्या येतात, थकवा येतो आणि लक्ष लागत नाही. इंजेक्शनं सुरू झाली, पँटोप्रॅझोल डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू बंद झालं. एकदम बंद केलं तर पित्त उसळतं आणि माणूस पुन्हा गोळीकडे वळतो, म्हणून हळूहळू.

क्लासची वेळ बदलून सकाळी दहा ते दहा चाळीस केली, आठवड्यातून दोनदा. नाश्ता होऊन दीड तास झालेला असतो आणि घरही शांत असतं. नव्वद मिनिटांचा तास या वयात लांबतो. चाळीस मिनिटांत शिकवलेलं घरी वीस मिनिटं घोळवलं तर जास्त टिकतं.

दुसरा खड्डा : शेवटचा ‘स’

ऐकण्याच्या चाचणीतल्या चौदा चुका बाईंनी एकेक करून पाहिल्या. त्यांतल्या अकरा एकाच जातीच्या होत्या. स्पॅनिशमध्ये अनेकवचन शब्दाच्या शेवटच्या ‘स’ने कळतं : ला कासा म्हणजे घर, लास कासास म्हणजे घरं. क्रियापदातही तेच. आब्ला म्हणजे तो किंवा ती बोलते, आब्लास म्हणजे तू बोलतोस. काकूंना ‘लास कासास’ ऐकू येत होतं ते ‘ला कासा’. लिहिताना त्या अनेकवचन बरोबर करत होत्या, बोलतानाही बहुधा करत होत्या. ऐकताना तेवढा ‘स’ गायब.

बाई ठाण्यातच राहतात. त्यांनी एकदा काकूंना घरी बोलावून एक साधी परीक्षा घेतली. एकवचन-अनेकवचनाच्या दहा जोड्या, प्रत्येक जोडीतला एकच शब्द उच्चारायचा, काकूंनी एक बोट किंवा दोन बोटं दाखवायची. आधी फोनच्या स्पीकरवरून रेकॉर्डिंग : दहापैकी पाच. नाणं उडवून उत्तर दिलं तरी एवढंच येतं. मग दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, बाई हाताच्या अंतरावर समोर बसलेल्या : दहापैकी आठ. “काकू, तुम्हाला नियम येतोय, फक्त ऐकू येत नाहीये,” बाई म्हणाल्या. ही परीक्षा कुणालाही घरी करता येते, खर्च शून्य. दोन गुणसंख्यांत मोठा फरक असेल तर पुस्तक बदलण्याआधी कान तपासायचे.

वयानुसार येणाऱ्या बहिरेपणात आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांचा जोर त्याच पट्टीत असतो, ‘स’चा तर साधारण ४,००० हर्ट्झच्या वर. स्वर खालच्या पट्टीत असल्यामुळे ते नीट ऐकू येतात. म्हणून माणूस म्हणतो, “आवाज येतो, पण शब्द कळत नाही.” मराठीत हे झाकलं जातं, कारण संदर्भावरून आपण गाळलेली अक्षरं भरून काढतो. नव्या भाषेत भरून काढायला मागे काही साठाच नसतो. म्हणून पुष्कळांचा बहिरेपणा पहिल्यांदा उघडा पडतो तो परकी भाषा शिकताना किंवा परप्रांतीय शेजाऱ्याशी बोलताना.

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे मळ काढून घेतला. घट्ट बसलेल्या मळानेही बराच फरक पडतो, ही पायरी गाळू नये. आणि पेटवलेली काडी, सेफ्टी पिन, गरम तेल यांपैकी काहीही कानात जाऊ नये. नंतर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी झाली. यात आकडा जितका मोठा तितकं ऐकू कमी. ५०० हर्ट्झला २५ डेसिबल, ४,००० हर्ट्झला ५५ डेसिबल, दोन्ही कानांत जवळपास सारखं. म्हणजे खालची बाजू चांगली, वरची उतरलेली. दोन्ही कानांना श्रवणयंत्रं सुचवली गेली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशावरच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगे १४ धोके दिले आहेत, त्यांत ऐकू कमी येणं आहे, नजर कमी होणंही आहे आणि मधुमेहही आहे. भाषा शिकण्याच्या निमित्ताने कान तपासले गेले, हा या प्रकरणातला आमच्या दृष्टीने सर्वांत मोठा लाभ.

यंत्राची सवय व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात रोज दोन तास, शांत खोलीत, ओळखीच्या माणसाशी बोलताना. भांड्यांचा खणखणाट, वर्तमानपत्राची सळसळ, पंख्याची घरघर सुरुवातीला असह्य वाटते, कारण वर्षानुवर्षं ती ऐकलेलीच नसते. याच टप्प्यावर बहुतेक यंत्रं कपाटात जातात. दर दोन आठवड्यांनी ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे श्रवणतज्ज्ञांकडून, यंत्राची पट्टी जुळवून घ्यायची आणि तिथे तक्रार नेमकी सांगायची : ‘त्रास होतो’ असं नाही, ‘ताटं ठेवल्याचा आवाज टोचतो’ असं. ठाण्याच्या पावसाळ्यात दमट हवेने आतल्या भागांत ओल धरते. रात्री यंत्र सिलिका जेल घातलेल्या डबीत ठेवायचं. झिंक-एअर सेल असेल तर त्याचं स्टिकर काढून मिनिटभर हवा लागू द्यायची आणि मग बसवायचा, घाईने बसवला तर पूर्ण ताकद येत नाही.

ऐकायचं साहित्यही बदललं. क्युबा, पोर्तो रिको आणि स्पेनच्या दक्षिणेकडचा अंदालुसिया इथे शब्दाअखेरचा ‘स’ बोलणारेच अर्धवट सोडतात. काकू सरावासाठी गाणी ऐकत होत्या ती नेमकी क्युबाची. मध्य मेक्सिकोतले लोक ‘स’ स्पष्ट उच्चारतात. काकूंना बोलायचं होतं तेही मेक्सिकोतच, म्हणून ऐकणं फक्त तिथलं ठेवलं. याचा आणखी एक फायदा झाला. स्पेनमधल्या पाठ्यपुस्तकांत ‘तुम्ही सगळे’ यासाठी वोसोत्रोस आणि त्याची वेगळी क्रियापदरूपं असतात. मेक्सिकोत ती वापरत नाहीत, उस्तेदेस पुरतं. प्रत्येक काळाच्या तक्त्यातलं सहापैकी एक रूप सरळ गळालं.

शिकण्याची नवी रीत

रोजचे नवे शब्द चाळीसवरून सहावर आणले. हे कमी वाटतं, पण गणित पाहा. पाच कप्प्यांचा खोका घ्यायचा, मिठाईचा चालतो. प्रत्येक नव्या शब्दाचा एक छोटा कागद, तो पहिल्या कप्प्यात. बरोबर आला की पुढच्या कप्प्यात, चुकला की पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, मग चार, आठ, सोळा. रोज सहा नवे शब्द घेतले तर दोन महिन्यांत रोजची उजळणी किमान तीस कागदांवर स्थिरावते, चुकलेले धरून चाळीस. पंधरा मिनिटांचं काम. रोज चाळीस नवे घेतले तर तीच उजळणी दोनशेच्या वर जाते. ती होत नाही, जुने शब्द पुसले जातात आणि माणूस स्वतःला दोष देतो. ॲपमधलं घड्याळ बंद केलं. वाढत्या वयात उत्तर शोधायला वेळ थोडा जास्त लागतो, पण उत्तर सापडतं. घड्याळ लावलं की सापडलेलं उत्तरही चूक ठरतं.

कागदावर सुटा शब्द लिहायचा नाही. नाम असेल तर त्याचं लिंग सांगणारं एल (पुल्लिंगी) किंवा ला (स्त्रीलिंगी) लावूनच, आणि शक्यतो छोटं वाक्य. मराठी माणसाचा एक विशिष्ट घोटाळा इथे होतो. आपल्याकडे ‘मोठा मुलगा, मोठी मुलगी’ यात ‘आ’ पुरुषाचा. स्पॅनिशमध्ये ‘आ’ बहुधा स्त्रीलिंगी आणि ‘ओ’ पुल्लिंगी : निन्यो आल्तो म्हणजे उंच मुलगा, निन्या आल्ता म्हणजे उंच मुलगी. थकव्यात जुनी सवय वर येते आणि ‘ला कासा’ला विशेषण पुल्लिंगी लागतं. पुल्लिंगी निळ्या पेनाने, स्त्रीलिंगी लाल पेनाने, अक्षर बोटाच्या पेराएवढं मोठं. ला मानो म्हणजे हात, एल दिया म्हणजे दिवस आणि एल प्रोब्लेमा, हे नियम मोडणारे शब्द वेगळ्या पिवळ्या कागदावर.

मराठीचा फायदा मात्र फार मोठा आहे आणि तो शिकवणारे बहुधा वापरत नाहीत, कारण शिकवणं इंग्रजीतून चालतं. ‘मे गुस्ता एल काफे’ इंग्रजीतून समजावायला अर्धा तास जातो. मराठीत ते ‘मला कॉफी आवडते’, जशास तसं. ‘मे गुस्तान लोस मांगोस’ म्हणजे ‘मला आंबे आवडतात’, क्रियापद आंब्यांप्रमाणे बदलतं, दोन्ही भाषांत. ‘मे दुएलेन लास रोदियास’, गुडघे दुखतात. तू आणि तुम्ही यांच्यासारखेच तु आणि उस्तेद. भूतकाळाची जी जोडी इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्यांना छळते तीही आपल्याला ओळखीची : फुई म्हणजे ‘मी गेले’, इबा म्हणजे ‘मी जायचे’. उच्चारांतही तसंच. त, द, प, क हे सरळ मराठीतले, हवा न सोडता. इंग्रजी अक्षरं डोळ्यांपुढे असली की जीभ ‘ट’कडे वळते, म्हणून पहिले दोन महिने उच्चार देवनागरीत लिहायला हरकत नाही. पेरो म्हणजे ‘पण’ आणि पेर्रो म्हणजे कुत्रा, इथे मात्र जीभ थरथरवायला रोज मिनिटभर सराव लागतो.

विणकाम इथे फारच कामी आलं. नमुना वाचणं म्हणजे आकडे, आज्ञार्थी क्रियापदं आणि अनेकवचनं. कादेना म्हणजे साखळी. खांबाला, म्हणजे उभ्या टाक्याला, मेक्सिकोत मासिसो म्हणतात, तर स्पेनमधल्या पुस्तकांत पुंतो आल्तो. सुई म्हणजे गान्चो. काकूंनी विहीणबाईंना दारावरच्या तोरणाचा नमुना पाठवला, तिकडून गोल रुमालाचा आला, ज्याला तिथे कार्पेता म्हणतात. मग प्रश्न आपोआप सुरू झाले : कुआंतास कादेनास? किती साखळ्या? या दोन शब्दांत शेवटचा ‘स’ दोनदा येतो आणि साखळ्या चुकल्या तर रुमाल चुकतो. कानाला यापेक्षा चांगला सराव मिळणं कठीण. मधुमेहात बोट अडकण्याचा त्रास जास्त होतो, म्हणून २.५ मिलिमीटरच्या सुईऐवजी ३.५ मिलिमीटरची, जाड मुठीची, आणि एका बैठकीला अर्धा तास.

फोनची वेळ हा किरकोळ वाटणारा पण निर्णायक बदल. ग्वादालाहारा आपल्या साडेअकरा तास मागे आहे. मेक्सिकोने बहुतेक भागांत उन्हाळ्यात घड्याळं पुढे करणं २०२२ मध्ये बंद केलं, त्यामुळे हा फरक वर्षभर तोच राहतो. आधी फोन रात्री साडेनऊला व्हायचा, इकडे सगळे दमलेले. आता रविवारी सकाळी नाश्त्यानंतर साडेआठला, तेव्हा तिकडे शनिवारी रात्रीचे नऊ. फोनऐवजी मोठ्या पडद्याचा टॅब, स्टँडवर, उजेड समोरून. खोली फरशी-भिंतींची रिकामी नको. पडदे आणि अंथरलेली गादी असलेल्या खोलीत आवाज घुमत नाही.

चालताना कानात इअरफोन घालून पाठ ऐकणं मात्र बंद केलं. पाचपाखाडीच्या रस्त्यावर दुचाकी मागून कधी येईल सांगता येत नाही, आणि या वयात चालताना डोकं दुसरीकडे गुंतलं की पाऊल चुकतं. त्याऐवजी घरात खुर्चीतून उठ-बस करताना दहापर्यंत स्पॅनिशमध्ये मोजायचं, दोन फेऱ्या. मग ओट्याला धरून टाचा उचलताना पुन्हा. पासष्टीपुढच्यांसाठी जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सांगते. पावसाळ्यात तलावावर जाणं बंद पडतं तेव्हाही हे सुटत नाही.

प्रवासाआधी पाठ हवीत अशी वाक्यं

पुस्तकातला पहिला धडा ‘माझं नाव अमुक’ असा असतो. ज्येष्ठांनी त्याच आठवड्यात पुढची वाक्यं घोकावीत. से मे बाहो एल आसुकार : माझी साखर उतरली. नेसेसितो आल्गो दुल्से : मला काहीतरी गोड हवं. तेंगो दियाबेतेस, तोमो मेतफोर्मिना : मला मधुमेह आहे, मी मेटफॉर्मिन घेते. आणि नो ओइगो बिएन, मास देस्पासियो, पोर फावोर : नीट ऐकू येत नाही, जरा सावकाश. हे शेवटचं फार महत्त्वाचं. काकू आधी प्रत्येक वेळी ‘नो एंतिएंदो’, म्हणजे ‘समजत नाही’ म्हणायच्या. त्यामुळे विहीणबाई वेगळे, कधी अधिक अवघड शब्द शोधायच्या, वेग मात्र तोच ठेवायच्या. ‘ऐकू येत नाही’ म्हटल्यावर त्या थांबून तेच वाक्य पुन्हा म्हणू लागल्या.

खाण्यात शाकाहारींनी ‘सिन कार्ने’, म्हणजे ‘मांसाविना’, एवढ्यावर विसंबू नये, कोंबडी त्यात धरत नाहीत. शिजवलेल्या राजम्यात मांतेका, म्हणजे डुकराची चरबी, असते का हे विचारायचं. फळांच्या सरबतांत साखर भरपूर असते, सिन आसुकार, म्हणजे बिनसाखरेचं, असं आधीच सांगायचं.

औषधं हातातल्या पिशवीत, मूळ पट्ट्यांतच, सोबत मूळ औषधाचं नाव लिहिलेली चिठ्ठी. पश्चिमेकडे जाताना दिवस साडेअकरा तासांनी लांबतो. कुठली गोळी कुठल्या घड्याळाने घ्यायची हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यायचं. ग्लिमेपिराइडचा नियम एकच : जेवण समोर आल्याशिवाय नाही.

सातव्या महिन्याची स्थिती

गेल्या सहा आठवड्यांत संध्याकाळची एकही नोंद ७० च्या खाली नाही. ऐकण्याच्या चाचणीत २० पैकी १३. मागच्या रविवारी विहीणबाईंशी बावीस मिनिटं बोलणं झालं, मुलगा घरी असूनही बोलवावा लागला नाही. विषय अर्थात रुमालाची कड.

तीन-चार जण एकदम बोलू लागले की काकूंना अजून काही पकडता येत नाही. श्रवणयंत्रात गर्दीसाठी वेगळी जुळवणी करता येते, ती पुढच्या भेटीत करून घ्यायची आहे. पडद्याविना नुसत्या आवाजी फोनवर ‘स’ अजूनही निसटतो. आणि मधुमेहात दर वर्षी करायची डोळ्यांच्या पडद्याची तपासणी दीड वर्ष राहिली आहे. तिकिटं काढण्याआधी ती.